घरातलं घरात

आधी सही बिघडली.
सियागंजच्या बँकेत कॅशियरने चेक परत सरकवला,
म्हणाला, ही तुमची नाही.
श्रीरंग हसला. ते हसू जरा जास्तच वेळ
ओठांवर राहिलं, मग कोपऱ्यातून ओघळलं.
मी रुमाल दिला आणि आम्ही दोघांनीही
बाहेर रस्त्याकडे बघितलं.

आई म्हणाली, अभ्यास नको म्हणून सोंगं.
बाबा म्हणाले, मोबाईल.
पोह्यांवरची शेव
बशीपासून तोंडापर्यंत पोचेनाशी झाली
तेव्हा दोघंही गप्प बसले.

मग एम.वाय.च्या मागच्या गल्लीत
तळघरातलं मशीन.
घड्याळ, कडं, जानव्याला बांधलेली कपाटाची किल्ली
माझ्या ओंजळीत देऊन तो आत सरकला.
अंगावर धातू काही राहिला नाही ना,
मशीनवाल्या पोराने विचारलं.
नाही, मी म्हटलं.
खोटं बोलले, पण मला ठाऊक नव्हतं.

काचेपलीकडे ठोकाठोक सुरू झाली.
नेहरू पार्कातल्या उंबरावर चैत्रात
तांबट बसतो ना, तशी:
टुक, टुक, टुक,
भांडं कधी पुरं न होणारी.
चाळीस मिनिटं.

डॉक्टर छाजेडबाईंनी फिल्म उजेडावर धरली.
मेंदूच्या बुंध्याशी
खरोखरच एक तोंड होतं, कान, डोळे, सगळं.
याला आम्ही पांडा म्हणतो, त्या म्हणाल्या.
आणि त्याखाली, जरा अंधूक, आणखी एक, लहानसं.
आईने एवढंच विचारलं,
"पिल्लूही आहे?"

तांबं आहे ते. यकृताला बाहेर टाकता येत नाही,
मग ते जागा शोधत फिरतं.
दिव्याखाली त्याच्या बुबुळाची कड दाखवली,
तपकिरी, थोडी हिरवट.
आम्हाला वाटायचं, वयात येताना घारा झाला.
मामी तर दर दिवाळीला
कानशिलावर बोटं मोडायची.

कागदावर त्यांनी एक चौकोन काढला, एक वर्तुळ,
आणि विचारलं, लग्नाआधीचं नातं काही?
आई बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी.
घरातलं सोनं घरात राहील,
आजोबा म्हणाले होते म्हणे,
देवासकडच्या शेताचं भांडण त्या मांडवात मिटलं.
मधली रेघ बाईंनी दुहेरी ओढली.
बाबा त्या रेघेकडे
घरपट्टीची नोटीस वाचावी तसे बघत राहिले.
शेत तर विकलंच.
सोन्याचं मला माहीत नाही.

माझीही तपासणी झाली. दिवसभराची लघवी
पाच लिटरच्या कॅनमध्ये जमवत मी ऑफिसात बसले,
बहुतेकांना वाटलं, बाईने रॉकेल आणलंय.
माझ्याकडे एकच नाणं निघालं. त्याच्याकडे दोन्ही.
हे कुणी वाटलं, कुणाला विचारून,
ते त्या रिपोर्टात नव्हतं.

आई रोज रात्री तांब्यात पाणी भरून ठेवायची,
सकाळी आधी त्याला पाजायची, तब्येतीसाठी.
त्याने झालेलं नाही हे, बाईंनी तीनदा सांगितलं,
फक्त आता बंद करा.
तांब्या माळ्यावर गेला.
कधीतरी मध्यरात्री मोरीत
चिंचेने काही घासल्याचा आवाज येतो.
आम्ही कुणी उठत नाही.

त्याला जस्ताच्या गोळ्या, उपाशीपोटी, जन्मभर.
तांबं अधिक जस्त, तो म्हणाला,
शब्द एकेक करून, जिन्याचा कठडा धरून उतरावेत तसे,
ताई, माझं... पितळ... उघडं पडणार.
वर्षभरातला त्याचा पहिला विनोद.
मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दुसऱ्या फिल्मवर पांडाचा एक कान पुसट होता.
पिल्लू मात्र तसंच, अजून आमच्याकडे बघत.

नव्या सहीसाठी बँकेने कार्ड दिलं, तीन चौकटी.
त्याने तीन सह्या केल्या, हात हाताने धरून.
तिन्ही वेगळ्या.
कॅशियर तोच. त्याने चष्मा वर केला.
"यातली तुमची कोणती?"
मागे रांग होती. पंखा फिरत होता.
श्रीरंगने जीभ वळायची वाट पाहिली
आणि म्हणाला,
"मधली."